परक्या माशांची खानेसुमारी

आमच्या वाचकवर्गापैकी पुष्कळांच्या घरी मासळी शिजत नाही. तेव्हा माशांविषयीचा लेख या पानांवर पाहून कित्येक भगिनींस नवल वाटणे साहजिक आहे. परंतु पुणे शहरातील ज्या घरात मासळीस उंबरठ्याच्या आत प्रवेश नाही, त्या घरच्या देव्हाऱ्यातील तांब्यातही बहुधा पाणी असते ते खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणसाखळीचेच. त्या पाण्यात कोण राहतो, कोण नव्याने येऊन बसला आणि कोण नाहीसा झाला, हा प्रश्न केवळ मासे खाणारांचा नव्हे. ते पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

यांपैकी पानशेत व वरसगाव ही धरणे वेल्हे तालुक्यात आहेत. (या तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली.) पानशेतचे धरण आंबी नदीवर, तर वरसगावचे मोसे नदीवर. याच तालुक्यात कानंदी नदीवर गुंजवणीचे धरण आहे. शेजारच्या भोर तालुक्यात वेळवंडीवर भाटघर आणि नीरेवर नीरा-देवघर. आंबी व मोसे यांचे पाणी मुठेच्या वाटेने भीमेस जाते, आणि कानंदी व वेळवंडी यांचे नीरेच्या वाटेने नरसिंहपूरच्या संगमावर भीमेसच मिळते. म्हणजे भीमेच्या खोऱ्याचा हा माथाच होय. येथे सोडलेला मासा पुराच्या पाण्याबरोबर सांडव्यावरून खाली जातो; खालच्यास मात्र धरणाची भिंत चढून वर येता येत नाही. यास्तव माथ्यावर झालेली चूक सबंध खोऱ्यास भोवण्याचा संभव असतो.

परके मासे येथे चोरपावलांनी आले असे कोणी समजू नये. त्यांपैकी बहुतेकांस आपणच सदिच्छेने आणिले. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून १९२८ साली गंबुसिया हा लहानसा मासा हिंदुस्थानात आला. गोरगरिबांस स्वस्त अन्न मिळावे म्हणून १९५२ साली आफ्रिकेतील तिलापिया आणिला गेला. त्यालाच उजनीच्या काठचे लोक चिलापी म्हणतात. तो संथ पाण्यात झपाट्याने वाढतो आणि मादी आपली अंडी तोंडात धरून राखते, तेव्हा धरणाचे पाणी म्हणजे त्यास आयते घरच. वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांच्या आश्रयाने वाढणाऱ्या सह्याद्रीच्या माशांस मात्र तेच पाणी परके वाटते. आफ्रिकी मांगूर तर इतका खादाड निघाला, की २००० साली केंद्र सरकारास त्याच्या पैदाशीवर बंदी घालावी लागली. तरीही पुढे वीस वर्षांनी शेततळ्यांवर छापे घालून तो नष्ट करण्याची पाळी आली. आपल्या जलाशयांत ज्यांची बोटुकली सोडतात ते रोहू, कटला व मृगळ हे मासेही मूळचे गंगेकडचे. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात ते पाहुणेच होत.

सदिच्छेचा हा खेळ किती दूर जातो याचे उदाहरण आमच्याच मुलखातले आहे. पुण्याच्या नद्यांतील खडस हा महसीर जातीचा मासा. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा स्थानिक लोकांच्या बोलण्यातील नाव घेऊन या माशाचे शास्त्रीय नाव त्यांनी ‘खुद्री’ असे ठेविले. पुढे धरणांमुळे व बेसुमार मासेमारीमुळे तो कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या सुमारास त्याच्या पैदाशीचे केंद्र काढिले. हे कार्य स्तुत्यच होते. तेथील पिल्ले निरनिराळ्या प्रांतांत गेली आणि त्याच दशकात कावेरीतही सोडण्यात आली. परंतु कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला, आकाराने प्रचंड असा तेथला स्वतःचा महसीर होता. जो मासा येथे वाचवावयाचा, तोच तेथे परका ठरला. कावेरीकाठी गळ टाकून मासे धरणारे व पुन्हा सोडून देणारे हौशी लोक १९९८ पासून २०१२ पर्यंत आपल्या वहीत प्रत्येक माशाची नोंद करीत असत. संशोधकांनी त्या वह्या तपासल्या, तेव्हा दिसून आले की उंचवट्याचा महसीर वर्षागणिक विरळ होत गेला आणि आमचा खडस वाढत गेला. वाळूचा उपसा, सुरुंगाची मासेमारी व धरणे हीही कारणे असतीलच. पण आज कावेरीचा तो मत्स्यराज नामशेष होण्याच्या काठावर आहे. विशेष हे, की त्याला शास्त्रीय नाव निश्चित झाले तेच मुळी २०१८ साली!

यातून घ्यावयाचा बोध असा: मासे सोडणारे पुष्कळ होते, सरकारी होते, खासगी होते, पण काय घडते आहे हे कळले ते कोणी तरी वही ठेविली म्हणून. पुण्यास अशा वहीची परंपरा आहे. साइक्स यांच्यानंतर फ्रेझर यांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी केली. आणि २००३ साली पुण्याच्या संशोधकांनी जुन्या याद्या पुढे ठेवून नव्या नोंदींशी ताडून पाहिल्या. पण अशी तुलना कोणा उत्साही प्राध्यापकाच्या पदरमोडीवर व चिकाटीवर किती काळ चालणार?

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील पंचमहासरोवरांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. जहाजांसाठी खोदलेल्या कालव्याच्या वाटेने लँप्रे नावाचा रक्तशोषक जलचर त्या सरोवरांत शिरला. वरच्या सरोवरांत ट्राउट माशाचे वार्षिक उत्पन्न सुमारे दीड कोटी पौंड होते. ते १९६० च्या सुमारास तीन लाख पौंडांवर आले. या संकटापायी दोन्ही राष्ट्रांनी करार करून मत्स्य आयोग नेमिला आणि सरकारी तिजोरीतून दरवर्षी नियमित रक्कम देऊ केली. आज तेथे माशांच्या पोटात इवलासा ध्वनिप्रेषक शिवतात. सरोवराच्या तळाशी ठेविलेली यंत्रे त्याचा आवाज टिपतात आणि मासा कोठे जातो, कोठे अंडी घालतो हे कळते. लँप्रेची संख्या नव्वद टक्क्यांनी घटली. परंतु २०२० व २०२१ साली महामारीमुळे काम अपुरे राहिले, त्याबरोबर ती पुन्हा वाढू लागली. सारांश, पाळत ही एकदा देऊन संपणारी देणगी नव्हे. तो घरखर्चासारखा नित्याचा खर्च आहे.

आपल्याकडे २०२० साली सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेचा आकडा २०,०५० कोटी रुपयांचा होता, आणि तिच्या उद्दिष्टांत अग्रस्थान होते ते उत्पादनवाढीस. उत्पादनाविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. धरणाकाठच्या भोई व कातकरी कुटुंबांची चूल त्यावर पेटते. आमची सूचना इतकीच, की जलाशयात बोटुकली सोडण्यासाठी जी रक्कम मंजूर होईल, तिचा ठरावीक अंश त्याच जलाशयातील मोजदादीसाठी राखून ठेवावा. मासेमारीच्या ठेक्यात जातवार नोंदवही ठेवण्याची अट असावी आणि ती लिहिणाऱ्या मच्छीमारास मेहनताना मिळावा. कारण जाळ्यात आलेला अनोळखी मासा प्रथम त्याच्याच दृष्टीस पडतो. भोर व पुणे येथील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र शाखांनी वर्षातून दोनदा पाण्याचे नमुने घ्यावेत. माशांच्या शरीरातून पाण्यात मिसळलेल्या सूक्ष्म अवशेषांवरून त्या पाण्यात कोणती जात आहे हे ओळखण्याची रीत आता शास्त्रास अवगत आहे. तिला मोठी जहाजे लागत नाहीत, लागतात त्या बाटल्या, गाळण्या, एक प्रयोगशाळा आणि खंड न पडणारे अर्थसाहाय्य.

गृहस्थाश्रमी वाचकांकडेही एक मागणे आहे. दिवाणखान्यातील काचेच्या हौदात मुलांसाठी आणिलेला ‘हेलिकॉप्टर’ मासा मोठा झाला, की भूतदया म्हणून त्यास नदीत अथवा तळ्यात सोडण्याची चाल पडली आहे. उजनीच्या जाळ्यांत आज हा दक्षिण अमेरिकेचा काटेरी पाहुणा सापडतो, जाळे फाडतो, आणि त्यास गिऱ्हाईक नसते. तेव्हा असा मासा दुकानदारास परत करावा, किंवा ज्यास त्याची जोपासना करिता येईल अशा गृहस्थास द्यावा. पानशेतला सहलीस जाताना मात्र त्याची बरणी बरोबर नेऊ नये. एका माशावरील ती दया काठच्या कुटुंबांस व पाण्यातल्या मूळ रहिवाशांस फार महाग पडते.