मधुमेहाचे औषध : फुकट कोठे, स्वस्त कोठे

मधुमेह हा शब्द पुस्तकातला झाला. आपल्या पवनी-भंडाऱ्याकडचा माणूस सरळ सांगतो, "मले शुगर आहे." हा बसून खाणाऱ्यांचा रोग, बांधीत चिखल तुडवणाऱ्याला तो कशाचा होतो, अशी एके काळी समजूत होती. ती आता उरलेली नाही. कोंढा-कोसऱ्यासारख्या धानाच्या मुलखातही शुगरची गोळी घेणारा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही.

तापाची गोळी चार दिवस घेतली की काम भागते. शुगरची गोळी बहुधा जन्माची सोबतीण असते. म्हणून हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच हिशेबाचाही आहे. मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. कोणती गोळी घ्यावी हे डॉक्टरांनीच सांगावे. ती गोळी घरात महिनोन्महिने खंड न पडता कशी येत राहील, एवढ्यापुरतेच हे भाषण आहे. खंड पडतो तो बहुधा दोन कारणांनी. एक तर पैसे नसतात, नाही तर रोवणीच्या दिवसांत रोजी बुडवून दवाखान्यात जाणे परवडत नाही. आणि बरे वाटू लागले म्हणून गोळी सोडणारेही पुष्कळ आहेत. शुगर वाढलेली असताना माणसाला बरे वाटू शकते, हीच या रोगाची लबाडी. डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा आतून खराब होत जातात आणि माणूस "मले काही होत नाही" म्हणत हिंडतो.

आता पहिला दरवाजा सरकारी दवाखान्याचा. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग आणि हृदयरोग यांच्यासाठी केंद्र सरकारने २०१० साली एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आरंभी देशातील १०० जिल्हे निवडले होते आणि त्या पहिल्या निवडीत आपला भंडारा जिल्हा होता. म्हणजे ही सोय आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. आज या कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करावयाची असते. आशाताई घरी येऊन एक अर्ज भरते. वय, कंबरेचा घेर, तंबाखू, दारू, हालचाल, घरात कोणाला शुगर आहे का, असे त्यातले प्रश्न असतात. अनेकांना हा नुसता कागदी खेळ वाटतो. पण त्या उत्तरांना गुण असतात, आणि ते चारांपेक्षा अधिक झाले की त्या माणसाची तपासणी आधी करावी असा नियम आहे. तेव्हा आशाताईला कंबर मोजू द्यावी, लाजू नये.

शुगर निघालीच, तर मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड अशा नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात विनामूल्य मिळावयाच्या असतात. एकदा उपचार ठरला की पुढच्या गोळ्या जवळच्या उपकेंद्रातूनही मिळाव्यात, अशी योजना आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील आणखी एक निर्णय ध्यानात ठेवावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरची फीसुद्धा माफ झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी आणि औषध निःशुल्क आहे. मात्र नागपूरचे मेडिकल आणि मेयो ही रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात; त्यांचा कारभार वेगळा. तेथे गेल्यावर पैसे मागितले तर भांडत बसू नये.

येथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. पुष्कळ लोक आयुष्मान कार्ड खिशात घालून औषधाच्या दुकानात जातात आणि गोळ्या फुकट मागतात. ते कार्ड दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. भरती झालेल्या रुग्णाला सुट्टी झाल्यावर पंधरा दिवसांपर्यंतची औषधे त्यात धरली आहेत. पण घरी बसून रोज घ्यावयाच्या गोळीला ते कार्ड चालत नाही.

दवाखान्यातला साठा संपतो, ही गोष्टही आपणांस माहीत आहे. "पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळते आणि माणूस आठवडाभर गोळीवाचून राहतो. तसे राहू नये. तेथेच दोन प्रश्न विचारावेत : या गोळीचे मूळ नाव काय आणि ती किती मिलिग्रॅमची? ते चिठ्ठीवर स्वच्छ लिहून घ्यावे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे, असा वैद्यक परिषदेचा २०१६ पासूनचा नियमच आहे. त्यामुळे विनंती करण्यात संकोच नको.

हे मूळ नाव म्हणजे दुसऱ्या दरवाजाची किल्ली होय. कंपनी आपल्या गोळीला एक बाजारी नाव देते, त्याची जाहिरात करते, तिचे प्रतिनिधी दवाखान्यांतून हिंडतात. हा सारा खर्च शेवटी गोळीच्या किमतीत येऊन बसतो. मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या गोळीवर तो बोजा नसतो. जनऔषधी केंद्रे याच तत्त्वावर चालतात. २००८ साली ही योजना सुरू झाली आणि २०२३ अखेर देशात अशी दहा हजार केंद्रे झाली. फरक किती पडतो? सिटाग्लिप्टिन नावाची गोळी घ्या. तिची एकाधिकाराची मुदत २०२२ साली संपली, आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना ठेवल्या गेल्या. बाजारी नावाच्या गोळ्यांना तेव्हा १६२ ते २५८ रुपये पडत. रोज एक गोळी धरली तरी महिन्याला तीनशे रुपयांहून अधिक वाचतात. मजुरीवर जगणाऱ्या घरात ही रक्कम लहान नव्हे.

"स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी," असे आपल्याकडे झटकन म्हणतात. घटक तोच, मात्रा तीच असेल तर गुणही तोच यावा. पालट करताना डॉक्टरांना एकदा दाखवावे आणि महिनाभराने शुगर तपासून घ्यावी. तपासणीचा आकडा कोणाची भीड धरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी : एकाच गोळीत दोन औषधे असतात, तेव्हा दोन्ही नावे आणि दोन्ही मात्रा जुळल्या पाहिजेत.

आतापर्यंत प्रौढांविषयी बोललो. गुरुजींनी विशेष लक्ष द्यावे असा भाग पुढे आहे. लहान मुलांना होणारा मधुमेह निराळा. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तेथे गोळीने भागत नाही, रोज इंजेक्शन घ्यावेच लागते, आणि ते बंद झाले तर थोड्याच दिवसांत मुलाच्या जिवावर बेतते. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला हे औषध प्रथम टोचले गेले. शोध लावणाऱ्यांनी त्याचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध सर्वांचे असावे, असा त्यांचा हेतू होता. पुढे त्याच खंडात, अमेरिकेत, इन्सुलिन इतके महाग झाले की कंपन्यांना गरजूंसाठी फुकट औषधाच्या योजना काढाव्या लागल्या, आणि २०२३ साली काहींनी किमतीच उतरवल्या. आपल्याकडे साध्या इन्सुलिनची किंमत सरकार बांधून देते. कुपी दीड-दोनशे रुपयांच्या घरात मिळते. पण कुपी, सिरिंजा, तपासणीच्या पट्ट्या असा महिन्याचा खर्च भूमिहीनाच्या घराला पेलत नाही.

अशा मुलांसाठी आपल्या जवळचे उदाहरण नागपूरचे आहे. तेथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली 'ड्रीम ट्रस्ट' ही संस्था काढली. गरीब घरच्या मुलांना इन्सुलिन आणि त्यासोबतचे साहित्य मोफत देणे, हे तिचे काम. मुलीच्या औषधावर खर्च करायला घरचे मागेपुढे पाहतात, हे जाणून संस्थेने मुलींकडे विशेष लक्ष दिले. औषध कंपनीच्या मदतीने चालणारा एक कार्यक्रमही भारतात २०११ पासून आहे. त्यात ठरावीक केंद्रांवर नोंदलेल्या मुलांना इन्सुलिन फुकट मिळते. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचे कागद आणि घरच्या उत्पन्नाचा दाखला जवळ असावा. दाखल्यासाठी तहसिलीत खेटे पडतात. मूल आजारी पडण्याची वाट न पाहता तो आधीच काढून ठेवावा.

फुकट मिळालेल्या कुपीत एक धोका असतो. आपल्याकडच्या नेहमीच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. देणगीची किंवा दुसऱ्या प्रकारची कुपी १०० युनिटांची असू शकते. चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल असते, शंभरच्या सिरिंजचे नारिंगी. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. शंभरची कुपी लाल टोपणाच्या सिरिंजने भरली तर अडीचपट औषध अंगात जाईल आणि मूल बेशुद्ध पडेल.

वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो. फ्रिज नसेल तर इन्सुलिन खराब होते, म्हणून गरीब घरी ते देऊच नये असे नाही. कुंभाराकडून एक मोठे आणि एक लहान मडके आणावे. दोन्हींच्या मध्ये वाळू भरून ती ओली ठेवावी. आतल्या मडक्यात कोरड्या डबीत कुपी ठेवावी, वर ओले फडके टाकावे आणि सावलीत, वाऱ्याच्या जागी ते ठेवून द्यावे. उघडलेली कुपी चार आठवड्यांत संपवावी. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी ती बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

शाळेत एखादे मूल वारंवार पाणी पिऊ लागले, तासातासाला लघवीला जाऊ लागले आणि भरपूर खाऊनही वाळत चालले, तर गुरुजींनी पालकांना त्याच दिवशी बोलवावे व आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला वर्गात तपासणी करू द्यावी, इंजेक्शन घेऊ द्यावे, मधल्या वेळी खाऊ द्यावे, असे राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ साली राज्यांना कळवले आहे. अशा मुलाला एकाएकी घाम सुटला, हात थरथरू लागले किंवा ते भलतेच बोलू लागले, तर शुगर उतरली असे समजावे आणि शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ खाऊ घालावा. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखान्यात न्यावे. गुरुजींच्या टेबलाच्या खणात गुळाचा एक खडा कायम असावा.