गनिमी युद्धतंत्र : अकोले डोंगरपट्टा

बलाढ्य सैन्याशी समोरासमोरची लढाई टाळून भूप्रदेशाचे ज्ञान, वेग, गुप्तवार्ता व लोकाश्रय यांच्या बळावर दुर्बल पक्षाने चालविलेल्या लढ्याची पद्धती. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या इतिहासात तिची ठळक उदाहरणे आढळतात.

भूरचना : महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.), तसेच हरिश्चंद्रगड, रतनगड व पट्टा हे गड या परिसरात आहेत. कोकणाकडील तुटलेले कडे, अरुंद घाटवाटा व पावसाळ्यात दुर्गम होणारी राने यांमुळे तोफखाना व घोडदळ यांचे श्रेष्ठत्व येथे निष्प्रभ ठरे. वाटांची माहिती हेच प्रभावी शस्त्र होते. नोव्हेंबर १६७९ मध्ये जालना लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगल सैन्याने संगमनेरजवळ गाठले. तेव्हा हेरप्रमुख बहिर्जी नाईक याने त्यांना आडवाटेने पट्टा गडावर सुखरूप नेले. या गडास पुढे विश्रामगड हे नाव मिळाले.

कोळ्यांचे उठाव : १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी अनेक डोंगरी किल्ल्यांच्या पायऱ्या व वाटा उद्ध्वस्त केल्या. गडांच्या बंदोबस्तावर उपजीविका असलेल्या महादेव कोळ्यांचे उत्पन्न व अधिकार घटले. त्यात सावकारी कर्जाची भर पडली. १८२९-३० मधील उठावात रामजी भांगरे व रामा किरवा हे पुढारी होते. तो मोडण्याच्या मोहिमेत कॅप्टन मॅकिन्टॉश हा प्रमुख होता. त्याने पुढे या जमातीची माहिती ग्रंथबद्ध केली. रामजीचा मुलगा, देवगावचा राघोजी भांगरे, याने १८४४-४५ मध्ये पुन्हा उठाव केला. लहान टोळ्यांनी अकस्मात छापे घालून पांगणे, पोलीस तुकड्यांना डोंगरात गाठणे व सावकारांवर जरब बसविणे ही त्याची पद्धती होती. सावकारांचे नाक कापण्यासारखी क्रूर कृत्येही घडली. दहशत हेही या लढ्याचे एक साधन होते.

प्रतिकार : इंग्रजांनी घाटवाटा रोखल्या, गावांतून मिळणारी रसद तोडली आणि खबऱ्यांचा उपयोग केला. लोकाश्रय तुटताच उठाव क्षीण झाला. राघोजी १८४८ च्या प्रारंभी पंढरपूर येथे पकडला गेला. २ मे १८४८ रोजी ठाणे येथे त्यास फाशी देण्यात आले.

आधुनिक संदर्भ : एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झालेल्या ‘संमिश्र युद्ध’ या संकल्पनेत नियमित सैन्य, अनियमित टोळ्या, अपप्रचार, आर्थिक दडपण व संगणकीय हल्ले एकाच उद्दिष्टासाठी योजिले जातात. लेबाननमधील २००६ चे युद्ध हे त्याचे बहुचर्चित उदाहरण होय. अकोल्यातील उठावांमागे नियमित सैन्य वा परकीय सत्ता नसल्याने त्यांस संमिश्र युद्ध म्हणता येत नाही. तथापि दोहोंत एक साम्य आहे : लढवय्या व सामान्य नागरिक यांतील सीमारेषा पुसट होते. बंडखोरास भाकरी दिल्यास सरकारचा व न दिल्यास बंडखोरांचा रोष ओढवे. अशा युद्धाची सर्वाधिक झळ या कात्रीत सापडलेल्या गावकऱ्यांनाच बसते.