बाळंतपणाची भरपगारी रजा: पैसे कोण देतं?

मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरून जाताना कामगार रुग्णालय सगळ्यांनाच दिसतं. आपल्या पगारातून त्यासाठी दरमहा ०.७५ टक्के कापले जातात, हे मात्र पावती पाहिल्याशिवाय अनेकींना कळत नाही. ती पावती आज काढून बघा. 'ईएसआय' कपात असेल, तर बाळंतपणाचे पैसे मालक नव्हे, कर्मचारी राज्य विमा महामंडळ (ईएसआय) देतं: पूर्ण सरासरी रोजंदारीने, २६ आठवडे. त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील, तर मात्र १२ आठवडेच. अट अशी की, आधीच्या सलग दोन वर्गणी-काळांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. गर्भपात झाल्यास ६ आठवडे मिळतात. हा हक्क बहुतेकींना ठाऊकच नसतो.

तपासणी दवाखान्यात, पण दावा महामंडळाच्या शाखा कार्यालयात, डॉक्टरांच्या दाखल्यासह. कपात नसेल, तर तोच २६ आठवड्यांचा पगार मालकाकडे मागायचा. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम पुरे.

यात मेहेरबानी कुणाचीच नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.