धानावरील किडीचा इशारा गटाच्या टेलिग्रामवर आपोआप कसा पाठवावा?

सानगडी-साकोली परिसरात खरीप धानावर गादमाशी, खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी व तपकिरी तुडतुडे येतात. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी राहतात, बांधावरून दिसत नाहीत. धान जळाल्यासारखे चट्टे दिसेपर्यंत नुकसान झालेले असते. म्हणून एका बांधीतील नोंद शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळणे गरजेचे आहे. गटातील कोणालाही हे काम मोफत साधनांवर लावता येते.

जोडणी अशी करावी

१. गूगल फॉर्म तयार करावा. त्यात तारीख, शिवार, पिकाची अवस्था, तपासलेले चूड व मोजलेली कीड एवढेच रकाने ठेवावेत.
२. फॉर्मची उत्तरे गूगल शीटमध्ये जमा होतात. तेथे प्रति चूड सरासरी काढणारे सूत्र टाकावे.
३. टेलिग्रामवर ‘बॉटफादर’कडून बॉट तयार करून टोकन घ्यावे आणि बॉटला गटात घ्यावे.
४. शीटच्या ‘ॲप्स स्क्रिप्ट’मध्ये, फॉर्म भरताच नोंद तपासून बॉटमार्फत संदेश पाठवणारी छोटी स्क्रिप्ट बसवावी. हे काम संगणक जाणणाऱ्या तरुणाकडून करून घेता येईल.

प्रत्येक नोंदीचा संदेश पाठवू नये

दिवसाला वीस संदेश आले की लोक गट म्यूट करतात आणि खरा इशाराही वाचला जात नाही. संदेश आर्थिक नुकसानीच्या पातळीलाच जावा:

- गादमाशी: ५ टक्के चंदेरी पोंगे
- खोडकिडा: ५ टक्के कीडग्रस्त फुटवे
- पाने गुंडाळणारी अळी: प्रति चूड २ प्रादुर्भावग्रस्त पाने
- तपकिरी तुडतुडे: प्रति चूड ५ ते १०, इशारा ५ वरच लावावा

नोंदीसाठी बांधीत तिरपे चालत किमान २० चूड तपासावेत. एकाच कोपऱ्यातील मोजणीवर इशारा देऊ नये.

संदेशाचा नमुना

“तपकिरी तुडतुडे. शिवार: सानगडी. अवस्था: पोटरी. सरासरी: प्रति चूड ७. आज आपल्या बांधीत बुंधे तपासा. तपासल्याशिवाय फवारणी करू नका.”

शेवटचे वाक्य काढू नये. इशारा म्हणजे फवारणीचा आदेश नव्हे. तुडतुडे आढळल्यास आधी बांधीतील पाणी काढावे, युरियाचा जादा हप्ता टाळावा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारल्यास तुडतुडे खाणारे कोळी व मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे पुन्हा वाढतात. औषधाची निवड सहायक कृषी अधिकारी किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने करावी.

दक्षता

- टोकन गटात टाकू नये. ते हाती लागलेला कोणीही बॉटच्या नावाने संदेश पाठवू शकतो.
- संदेशात शेतकऱ्याचे नाव व मोबाइल क्रमांक देऊ नये. शिवार पुरेसे आहे.
- हंगामाआधी खोटी नोंद भरून चाचणी घ्यावी व ती नोंद लगेच पुसावी.
- संदेश आला नाही म्हणजे कीड नाही, असे समजू नये. कदाचित त्या आठवड्यात कोणी मोजणीच केली नसेल. म्हणून शिवारनिहाय मोजणीची पाळी ठरवून घ्यावी.