जीपची गिअरपेटी

जीपच्या इंजिनाचा जोर चाकांकडे जातो, तो गिअरपेटीतून. पेटीत दात्यांची लहानमोठी चाके असतात. समजा, १५ दात्यांचे चाक ४५ दात्यांच्या चाकाला फिरवते. लहान चाक तीनदा फिरते, तेव्हा मोठे एकदाच फिरते. वेग कमी होतो, पण जोर जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून चढावर खालचा गिअर टाकायचा.

हे दाते तेलावर चालतात. हे तेल इंजिनातल्या तेलासारखे जळत नाही. मग ते कमी का होते? गळते म्हणून! सकाळी गाडीखाली वाकून बघा. पेटीखाली ओला डाग दिसला, तर नुसते तेल ओतून भागणार नाही. सील बदलावे लागते.

तेल बघायचे तर गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून गार होऊ द्या. चाकांना दगड लावा. पेटीच्या बाजूचा प्लग काढा. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवे. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर पाणी शिरले असे समजा. भरल्या ओढ्यातून गाडी घातली की असे होते. ते सगळे तेल बदला. कोणते घालायचे, ते गाडीच्या पुस्तकात छापलेले असते.

काही ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकतात. त्याने क्लचप्लेट फुकट झिजते.

पेटी आतून झिजली, की उतारावर गिअर आपोआप निसटतो. इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक फार तापले, की लागत नाहीत. अशी गाडी माणसे भरून घाटात नेऊ नका. आधी मिस्त्रीला दाखवा. कोणता गिअर निसटतो, तेही त्याला सांगा.