दुकानाखालची जमीन आणि मोरीचे पाणी

२० सप्टेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी दुपारी, पुण्याच्या बुधवार पेठेत लक्ष्मी रोडवरील सिटी पोस्टाच्या आवारात महानगरपालिकेचा एक ट्रक उभ्या जागी जमिनीत गेला. आधी मागची चाके खचली, मग पेव्हर ब्लॉकची फरशी फाटली आणि बघता बघता सबंध गाडी खड्ड्यात उभी राहिली. दोन मोटारसायकलीही आत गेल्या. ड्रायव्हर वेळीच बाहेर पडला. अल्लाहचे शुक्र, कोणाचा जीव गेला नाही. क्रेन लावून गाडी वर काढण्यात आली. त्या जागी पूर्वी विहीर होती आणि तिच्यावर फरशी झाली होती, असे नंतर सांगण्यात आले. आणि हा ट्रक आला होता कशासाठी? तर ड्रेनेज साफ करण्यासाठी!

वर्तमानपत्रांत फोटो आले, मोबाइलवर व्हिडिओ फिरले. मेट्रोच्या भुयारामुळे हे झाले काय, यावर चहाच्या टपरीवर आठ दिवस बहस चालली. २९ सप्टेंबरला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि विषय मागे पडला. पण ज्यांचे दुकान, गोदाम किंवा कारखाना या जुन्या पेठांत आहे त्यांनी तो एवढ्यावर सोडू नये. आपण रोज ज्या जमिनीवर गल्ला उघडून बसतो तिच्या पोटात काय आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

बुधवार पेठ ही औरंगजेबाच्या अमलात मोहिताबाद या नावाने वसलेली वस्ती. पुढे पेशवाईत नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून बांधीव नळ काढून शहरातील हौदांना पाणी आणले गेले. वाड्यावाड्यांत आड होते. नळाचे पाणी आल्यावर आड निरुपयोगी झाले. कोणी बुजवले, कोणी नुसती फळी टाकून वर शहाबादी फरशी बसवली. त्याच मातीतून नंतर ड्रेनेजचे पाइप गेले, मग पाण्याचे, टेलिफोनचे, विजेचे. वर वाडा पाडून चार मजली इमारत झाली, एका संडासाच्या जागी दहा झाले, पण कित्येक ठिकाणी बोळातून जाणारा पाइप मात्र तोच राहिला, चार किंवा सहा इंची, चिनी मातीचा.

हा चिनी मातीचा पाइप वाईट नाही. मातीचाच, पण वर काचेसारखी झिलई असते, त्यामुळे ॲसिडला दाद देत नाही आणि शंभर वर्षे टिकू शकतो. कमजोरी त्याच्या सांध्यात आहे. दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटने जोडलेले असतात. जमीन थोडी दबली, वरून टेम्पो गेला, पिंपळाची मुळी शिरली, की सांधा उघडतो. मग पाणी बाहेर जाते एवढेच नव्हे, तर प्रत्येक लोंढ्याबरोबर बाहेरची माती आत येते आणि वाहून जाते. महिनोन्‌महिने हे चालते. पाइपाभोवती पोकळी तयार होते, वरची फरशी आपल्या ताकदीवर कमानीसारखी तोलून राहते. आधार सुटलेला पाइप एक दिवस मधोमध मोडतो आणि त्यानंतर केव्हातरी फरशीही बसते. लोक म्हणतात, अचानक खचले. अचानक काहीच झालेले नसते.

म्हणून दोन गोष्टींतला फरक कळला पाहिजे. एक, पाइप नुसता तुंबलेला. दुसरी, पाइप मोडलेला. पहिल्याचे काम तासाभराचे, दुसऱ्याचे चार-आठ दिवसांचे. दुसऱ्याला पहिला समजून दर महिन्याला माणूस बोलावून पैसे देणारे दुकानदार आमच्या बाजारात काही कमी नाहीत.

एकाच न्हाणीचे पाणी साचत असेल आणि शेजारची मोरी मोकळी असेल तर दोष त्या न्हाणीच्या ट्रॅपमध्ये. जाळी काढून हाताने गाळ, केस, दोरे काढावेत, रबरी पंपाने दाबावे, काम होते. सगळ्या मोऱ्या एकदम संथ झाल्या, तळमजल्याच्या संडासात गुडगुड आवाज येऊ लागला, तर दोष पुढे मुख्य पाइपात. मग चेंबरची झाकणे उघडावीत. वरचे चेंबर भरलेले आणि खालचे कोरडे असेल तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये आहे. इतकी साधी गोष्ट, पण झाकण कोठे आहे हेच माहीत नसते! कोणी वर कोबा केलेला असतो, कोणी काउंटर ठेवलेला असतो.

सळ्या घालताना त्या नेहमी उजवीकडे, म्हणजे पेच आवळला जाईल अशाच फिरवाव्यात. उलट फिरवल्या तर सळी आतच सुटते आणि तुंबलेल्या पाइपात लोखंडही अडकते. सळी दर वेळी एकाच फुटावर अडते का, हे मोजून ठेवावे. तिच्या टोकाला मळ आला तर तुंबलेले आहे. माती, मुरूम किंवा खापरीचा तुकडा आला तर पाइप मोडला आहे असे समजावे आणि सळी हाणणे बंद करावे. आणखी खुणा आहेत. पाऊस नसताना भिंतीच्या पायाशी ओल, फरशीचा पोकळ आवाज, बोळात एकाच जागी पुन्हा पुन्हा बसणारा खड्डा, एकाएकी वाढलेले उंदीर. शंका असल्यास वरच्या चेंबरमध्ये बादलीभर पाण्यात नीळ किंवा कपड्याचा रंग घालून सोडावा. खालच्या चेंबरमध्ये रंग आला नाही, किंवा आला पण फार थोडा आला, तर बाकीचे पाणी जमीन पीत आहे. आता पाइपात सोडण्याचे कॅमेरेही आले आहेत. खोदाईच्या आधी एकदा कॅमेरा घातला तर पूर्ण बोळ खोदण्याऐवजी सहा फुटांत काम होते. ज्या कंत्राटदाराला कॅमेऱ्याचे नाव काढताच राग येतो त्याच्यापासून जपून राहावे.

ॲसिडबद्दल स्पष्ट लिहिणे जरूर आहे. बाटली ओतली, धूर निघाला, पाणी उतरले, सर्व खूश. पण ते ॲसिड चिनी पाइपाला सोडून सिमेंटचा सांधा खाते, म्हणजे नेमकी कमजोर जागा. कॉस्टिक सोडा चरबीवर चालतो, मात्र मोडलेल्या पाइपावर त्याचा काही उपयोग नाही. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकत्र कधीही टाकू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीव घेऊ शकतो.

तुंबण्याला कारण बहुतेक वेळा आपलाच धंदा असतो. शिवणकामाच्या कारखान्यातले दोरे आणि चिंध्या पाण्यात विरघळत नाहीत, त्यांची दोरखंडासारखी वेणी होते आणि तिला बाकीचा मळ धरतो. कांजी आणि खळ गार झाल्यावर लगद्यासारखी बसते. बिर्याणीच्या भांड्यांचे डालडा-तेल गरम असताना पातळ वाहते आणि पुढे दहा फुटांवर थिजते. हॉटेलवाल्यांनी चरबी अडवण्याची कुंडी बांधून ती दर आठवड्याला काढलीच पाहिजे. बकरी ईदच्या दिवसांत रक्त, चरबी आणि आतड्यांतला मळ मोरीत धुण्याची सवय तर ताबडतोब बंद व्हावी. कुर्बानी आपली आणि तुंबलेले पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यात, हे कोणत्या मसल्यात बसते? शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात पुष्कळ ऐकायला मिळते.

कापडवाल्यांसाठी एक खास गोष्ट. ड्रेनेजमधून जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू. तो चांदीला काळे करतो. त्यामुळे खऱ्या जरीचा माल ज्या गोदामात ठेवला आहे तेथे हा वास येत असेल तर ओल लागण्याआधीच मालाचे नुकसान सुरू झालेले असते. पैठणीचा काठ काळवंडला की गिऱ्हाईक जरीवर शक घेते, विणकराला बोल लागतो, आणि कारण निघते न्हाणीच्या कोरड्या ट्रॅपमध्ये! बंद गोदामातील न्हाणीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतले तरी ट्रॅप भरलेला राहतो आणि वायू आत येत नाही. हाच वायू तांब्यालाही खातो, म्हणून पासोड्या विठोबाच्या बाजूच्या इलेक्ट्रॉनिक मालवाल्या भावांनीही हे ध्यानात ठेवावे.

आणि हाच वायू माणूस मारतो. थोडा असताना वास येतो, फार झाला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो, आणि आत उतरलेल्या माणसाला वाटते की हवा साफ झाली. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. तरीही बोळाबोळांतून दोनशे-चारशे रुपये जास्त देऊन माणसाला चेंबरमध्ये उतरवणारे लोक आहेत. तो माणूस कोणत्या बिरादरीचा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या दुकानासमोर हे होऊ देऊ नये. पालिकेची जेटिंग आणि सक्शनची गाडी मागवावी, बोळ अरुंद असेल तर लहान मशीन मिळते, वेळ लागला तरी चालेल.

आता पैशाची गोष्ट, कारण भांडण तेथेच होते. इमारतीच्या आतला पाइप रस्त्यातील सरकारी लाइनला मिळेपर्यंत मालकाचा, तेथून पुढे पालिकेचा, हा सर्वसाधारण नियम. रस्ता खोदायचा असेल तर पालिकेची परवानगी पाहिजे. पण पेठेतील आपल्यापैकी बहुतेक लोक पागडीचे भाडेकरू. मालक म्हणतो, भाडे महिन्याला दीडशे, मी पाइप कशाने बदलू? भाडेकरू म्हणतो, इमारत तुझी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी, वापरण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. नोटीस देऊन किमान पंधरा दिवस वाट पाहिल्यावरही त्याने काही केले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. एकापेक्षा जास्त भाडेकरूंनी मिळून केली तर ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वजा करता येत नाही. दीडशे रुपये महिन्याचा हिशेब केला तर वर्षाला साडेचारशे रुपये! कायदा आपल्या बाजूचा आहे, पण जुन्या भाड्याच्या जागेत त्याची किंमत एवढीच. म्हणून माझे मत असे की, मोडलेल्या पाइपासाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा मालक आणि सर्व भाडेकरूंनी बसून वाटणी ठरवावी, कागदावर लिहावी आणि दोन साक्षीदार घ्यावेत. खालच्या दुकानाचे नुकसान जास्त म्हणून त्याने सगळे द्यावे, ही वरच्या मजल्याची दलील चालू देऊ नये. पाणी वरूनच येते.

विम्यावर फार भरवसा ठेवू नये. पाइप फुटून एकाएकी पाणी आले तर सामान्यतः दुकानाच्या पॉलिसीत ते बसते. हळूहळू झिरपून माल खराब झाला तर कंपनी हात वर करते. पॉलिसी वाचून घ्यावी, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये. गोदामात ओल दिसताच तारखेसह फोटो काढावेत.

नवा पाइप टाकताना प्लंबरकडून तीन गोष्टी वसूल कराव्यात. पाइपाखाली वाळूचा किंवा बारीक मुरमाचा सपाट थर, दगड नको. उतार बरोबर: चार इंचीला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. उतार कमी ठेवला तर मळ बसतो, हे सर्वांना कळते. पण वळवून वळवून उतार फुकट घालवणारे महाभाग जास्त. आणि वळणाच्या प्रत्येक ठिकाणी चेंबर, झाकण उघडता येईल असे. जमिनीखाली घालायचा पाइप जाड भिंतीचा, विटकरी रंगाचा येतो. भिंतीवर लावायचा पांढरा पाइप स्वस्त पडतो म्हणून तो पुरू देऊ नये. गच्चीचे पावसाचे पाणी या पाइपात सोडायचे नाही. खोदताना जुना आड किंवा बांधीव नळ लागला तर राडारोडा टाकून मोकळे होऊ नये. आड तळापासून मुरमाने थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून भरावा लागतो, आणि जुना नळ लागला तर पालिकेला कळवावे.

आपल्या तरुणांनी या धंद्याकडे पाहावे असे मला वाटते. आयटीआयमध्ये प्लंबरचा कोर्स एक वर्षाचा आहे, आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो. पाइप, नळ बसवणारे आपल्यात बरेच आहेत, पण लहान जेटिंग मशीन आणि कॅमेरा घेऊन काम करणारे थोडे. व्याजाच्या कर्जाला ज्यांची तयारी नाही त्यांनी दोघा-तिघांनी शिरकतीत मशीन घ्यावे. सळ्यावाला आणि कॅमेरावाला यांच्या मजुरीतला फरक एका पावसाळ्यात कळून येईल. घाणीचे काम म्हणून नाक मुरडणारे घरचेच वडीलधारे आडवे येतात, ही खरी अडचण आहे.

पावसाळ्याआधी, म्हणजे मे महिना संपायच्या आत, प्रत्येक दुकानदाराने आपल्या इमारतीची चेंबरे कोठे आहेत ते शोधून भिंतीवर रंगाने बाणाची खूण करावी, झाकणापासून भिंतीचे अंतर फुटांत लिहावे, आणि क्षेत्रीय कार्यालयात तक्रार दिली तर तिचा नंबर त्याच वहीत टिपावा ज्यात उधारी लिहिता. ती वही कधी हरवत नाही.