लहान मोटारगाडीचा दोष कसा ओळखावा

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने 1972 साली ‘लूना’ ही 50 सी.सी.ची, पायडल असलेली दुचाकी बाजारात आणली. आसेगावाहून बाजाराला निघालेल्या गृहस्थाची अशी गाडी वाटेत अडली, म्हणजे त्याचा दिवसच बुडतो. म्हणून दोष शोधण्याचा क्रम आम्ही येथे देत आहो.

इंजिन सुरूच होत नसेल, तर प्रथम पेट्रोलची तोटी पाहावी. नंतर इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून त्यावरील काजळी पुसावी. या टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते. ते अधिक झाल्यास प्लग काळा पडतो; कमी झाल्यास पिस्टन सिलिंडरात आवळून बसतो, व हा दोष फार महाग पडतो.

क्लचची गोष्ट निराळी. गोफणीतील धोंडा जसा बाहेर ओढ घेतो, तसेच इंजिनाचा वेग वाढताच क्लचमधील जड तुकडे बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या डब्यास घट्ट चिकटतात, आणि चाक फिरू लागते. इंजिन ओरडते पण गाडी जोर धरीत नाही, तर बहुधा तुकड्यांचे अस्तर झिजलेले असते. उलट मूठ सोडूनही गाडी पुढे सरकत असेल, तर आधी इंजिनाचा मंद वेग कमी करावा. तरीही ती सरकल्यास स्प्रिंगा ढिल्या झाल्या असे समजावे.

तपासणीच्या वेळी मागील चाक अधांतरी ठेवावे व लहान मुलांस मूठ पिळू देऊ नये. कारण वेग वाढताच गाडी आपोआप धावते. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे खरा दोष हाती लागतो व व्यर्थ खर्च टळतो.